अंदमानला जाताना

येत्या मे महिन्यात अंदमानला जायचं ठरतंय म्हटल्यावर सासूबाईंनी आधी अंबाबाईची ओटी भरली, मग विचारलं, "तिकडं देव कुठला गं?"

मला हा प्रश्न फार खरा वाटला. आपल्याकडं प्रवासाला देव लागतो. चैत्रात जोतिबाला जाणारा माणूस गुलाल-खोबरं उधळतो, सासनकाठी नाचवतो, झाडाखाली शिदोरी सोडतो. त्याची मौज भक्तीतच मुरलेली असते.

समुद्र ओलांडणं मात्र पाप मानलं जायचं. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 साली विलायतेला गेले आणि परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो नदीच्या काठी हिंदू रीतीनं त्यांचं दहन झालं. तिथं त्यांची छत्री आजही उभी आहे. परक्या नदीनंही त्यांना पोटात घेतलं. माझ्या मते सिंधुबंदी त्याच दिवशी संपायला हवी होती.

अंदमानच्या बाबतीत मात्र मला वेगळीच गोष्ट छळते. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी तीन उरल्यात. तिथं कैद्यांना बैलासारखं कोलूला जुंपत. सकाळी ते बघून दुपारी हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाच्या, निळ्या पाण्यात डुंबायचं? मला ते जमणार नाही. माणसांनी जिथं एवढं सोसलं ती जागा माझ्या लेखी तीर्थच, आणि सासूबाईंना मी तेच सांगितलं.

तुम्ही जाणार असाल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा. पुढं तिकडं पाऊस लागतो. आणि एक अख्खा दिवस फक्त जेलसाठी ठेवा.