आरंभापुरते इंधन

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचे विमान बांधणारी बरीच माणसे आहेत. त्यांच्या विमानांत पुष्कळदा पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टहून आलेले लायकमिंग ओ-३२० इंजिन असते: समोरासमोर आडवे झोपलेले चार सिलिंडर, १५०-१६० अश्वशक्ती, आणि कार्बुरेटर अगदी तळाला, तेलाच्या टाकीखाली. तिथून पेट्रोलने हवेबरोबर वर चढून सिलिंडर गाठायचे. मिनेसोटाच्या जानेवारीत हा चढ त्याला झेपत नाही. मग बांधणारा प्रायमर बसवायला घेतो. इंधनाच्या टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलचा एक बारीक फाटा काढून तो थेट सिलिंडरच्या इनटेकच्या तोंडाशी नेऊन सोडायचा, एवढेच हे काम. दिसायला किरकोळ आहे. पण या कामात विचार करण्यासारखे फार आहे.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी वजनाने साधारण एकास पंधरा असे प्रमाण जुळले की. गारठ्यात पेट्रोलचा थोडा, हलका अंशच वाफ होतो. बाकीचे नळ्यांच्या भिंतींवर ओघळून राहते. त्यात विमानाचे पेट्रोल मोटारीच्या पेट्रोलपेक्षा मुद्दामच कमी उडणारे ठेवलेले असते. १०० एलएल या विमान-पेट्रोलचा बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कलच्या आतच हवा, असे त्याचे मानक आहे. कारण उंचीवर हवेचा दाब घटतो. तिथे चटकन वाफ होणारे पेट्रोल नळीतच उकळू लागेल, बुडबुडे वाट अडवतील आणि इंजिन उपाशी पडेल. वर ज्या गुणावर आपण जीव सोपवतो, तोच गुण खाली हँगरबाहेर हट्टीपणा वाटतो. इंधन निवडले आहे ते आकाशासाठी. जमिनीवर सुरू होताना त्याला जो हात द्यावा लागतो, ती या निवडीची किंमत आहे. प्रायमरकडे मी असे पाहतो. इंजिनात काही उणे आहे म्हणून तो आलेला नाही.

फूटव्हॉल्व्ह गळका असला की विहिरीवरच्या पंपात आधी बादलीने पाणी ओतावे लागते, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पंपाने एकदा पाणी धरले की बादलीचे काम संपते आणि ती बाजूला ठेवली जाते. विमानात ही बादली बाजूला ठेवता येत नाही. काही सेकंदांच्या कामासाठी बसवलेली नळी, झडप, तोटी हे सगळे पुढे तासन् तास, धगधगत्या एक्झॉस्टच्या शेजारी, सोबत उडत राहते. म्हणून प्रायमर बसवणाऱ्याची खरी परीक्षा प्रायमरच्या बिनकामाच्या काळात होते.

नळी पाहा. पाव इंचाच्याही निम्म्या व्यासाची, बहुधा तांब्याची. तांबे मऊ असते म्हणून वळवायला सोपे. पण सततच्या थरथरीने तेच तांबे कडक होत जाते आणि जोडापाशी तडकते. यावर जुन्या मेकॅनिकांचा उपाय असा, की नळी ताणून सरळ न नेता तिला एक वेटोळे द्यायचे आणि रबरी अस्तराच्या क्लॅम्पने इंजिनालाच बांधायचे, म्हणजे थरथर त्या वेटोळ्यात जिरते. इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, नळी पार करायची तर तिथला जोड पोलादाचा हवा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि आगीच्या वेळी फायरवॉललाच भोक पडते. नळी तोटीपाशी तुटली तर त्या सिलिंडरमध्ये बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि मंद गतीवर इंजिन खडखडू लागते. वर पेट्रोल ठिबकण्याचा धोका आहेच.

हातपंप की विजेवरची झडप, यावर बांधणाऱ्यांमध्ये कायम दोन मते असतात. हातपंप बसवला की पेट्रोलची नळी वैमानिकाच्या गुडघ्यापाशी येते. सोलेनॉइडची झडप फायरवॉलच्या पलीकडे राहते, आत येते फक्त एक बटण. सुरक्षिततेच्या हिशेबात मी झडपेच्या बाजूने आहे. तरी हातपंपाची एक थोरवी मान्य केली पाहिजे. दट्ट्या दाबताना जो विरोध जाणवतो, त्यातून तोटी तुंबली आहे की पंप नुसतीच हवा ओढतो आहे हे तळहाताला कळते. बटणाला असे काही सांगता येत नाही. हातपंपाचा दट्ट्या मात्र आत ढकलून, फिरवून कुलूपबंद करावा लागतो. तो सैल राहिला तर इंजिन स्वतःच्या ओढीने त्यातून पेट्रोल पीत राहते आणि काळा धूर सोडत अडखळते.

मदत जास्त झाली तरी संकटच. बारामतीच्या मे महिन्यातल्या दुपारी, तापलेल्या इंजिनाला, प्रायमर बहुधा लागतच नाही. सवयीने दिलाच, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, खाली कार्बुरेटरकडे ओघळते, आणि एखादी उलटी ठिणगी तिथे आग लावते. अशा वेळी स्टार्टर थांबवायचा नसतो. मिश्रणाची दांडी मागे ओढून पेट्रोल तोडायचे, थ्रॉटल पूर्ण उघडायचे आणि इंजिन फिरवत राहायचे, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात. भ्यालेला हात याच्या नेमके उलट करू पाहतो. म्हणून हे आधीच घोकलेले असावे लागते.

प्रायमर बसवून झाल्यावर बहुतेक जण आधी इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू होते का ते पाहतात. त्यांना माझे सांगणे आहे: आधी नळ्यांची टोके तोट्यांपासून सोडवून एका भांड्यात धरा, इंधनपंप चालू ठेवा, बटणाला हात लावू नका आणि घड्याळ लावून वाट पाहा. एक थेंब जरी भांड्यात पडला, तर ते विमान उडवू नका.