विरोधकाविषयी खरी साक्ष

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढे आपल्या देशातील राजकीय दुही हा विषय ठेवून, त्यावर लहान चित्रफिती तयार करण्याच्या स्पर्धा भरविण्यात येतात. वरवर पाहता हे काम कसबाचे वाटते. परंतु त्याच्या मुळाशी नीतीचा एक प्रश्न आहे आणि तो आपणां सर्वांस विचार करावयास लावणारा आहे. ज्याचे मत आपणांस अमान्य आहे, किंबहुना घातक वाटते, त्या मनुष्याविषयी आपले कर्तव्य काय?

प्रथम त्या दुहीचे स्वरूप पाहू. त्या देशात रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक असे दोन मुख्य पक्ष आहेत. १९६० साली दोन्ही पक्षांच्या लोकांस असे विचारण्यात आले की, तुमच्या मुलाने वा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरी सोयरीक केली तर तुम्हांस वाईट वाटेल काय? तेव्हा शंभरांत सुमारे पाच जणांनी ‘होय’ म्हटले. २०१० साली तशाच प्रश्नास उत्तर देताना जवळजवळ निम्म्या रिपब्लिकनांनी व सुमारे एकतृतीयांश डेमोक्रॅटांनी नाराजी दर्शविली. म्हणजे पन्नास वर्षांत सभेतला मतभेद घरात येऊन पोहोचला. पुढे २०१९ साली ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. विरुद्ध पक्षातील किती लोक टोकाची मते बाळगतात याविषयी लोकांचा जो अंदाज होता, तो वस्तुस्थितीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. यावरून दिसते की, ज्या विरोधकाचा आपण तिटकारा करतो तो पुष्कळ अंशी आपल्या कल्पनेनेच घडविलेला असतो.

आता अशा एखाद्या विद्यार्थ्याची अडचण ध्यानात घ्या. समजा, त्याने विरुद्ध पक्षाच्या वीस जणांच्या मुलाखती टिपल्या. अठरा जण विचाराने बोलले, दोघांनी आरडाओरड केली. चित्रफीत तर पाचच मिनिटांची करावयाची, आणि पाहणाराचे लक्ष आरडाओरड करणाराकडेच वेधते. त्याने ते दोघे तेवढे ठेवले, तर तो खोटे बोलला काय? पदरचा एकही शब्द त्याने घातला नाही. तथापि पाहणाराचा जो ग्रह होतो तो खोटाच होतो. गावच्या पंचांपुढे एखाद्याने शेजाऱ्याचे रागाच्या भरातले दोन शब्द तेवढे सांगावे आणि त्याआधी आपण स्वतः केलेली आगळीक सांगू नये, तर त्यास आपण सत्यवादी म्हणू काय? जे गाळले त्यानेही साक्ष घडत असते.

म्हणून येथे एक कसोटी लावावी. विरोधकाचे म्हणणे आपण जसे मांडले तसे ते त्यालाच ऐकवावे, आणि ‘होय, माझे म्हणणे हेच आहे,’ असे त्याला म्हणता यावे. खंडन त्यानंतर करावे. आपल्याकडील जुन्या शास्त्रार्थातही पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून उत्तरपक्षास आरंभ करीत नसत.

यावर कोणी म्हणेल, ‘दोन्ही बाजू नेहमी सारख्याच असतात काय? अन्याय करणाराचे म्हणणेही आदराने मांडावे, तर न्याय आणि अन्याय यांत भेद तो काय राहिला?’ हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर त्याच देशाच्या इतिहासात सापडते. तेथील मोठी दुही दास्याच्या प्रश्नावरून झाली व १८६१ साली ती युद्धास पोहोचली. फ्रेडरिक डग्लस हे गुलामीत जन्मलेले गृहस्थ १८३८ साली पळून मुक्त झाले आणि दास्याविरुद्ध त्यांनी आयुष्य वेचले. १८४८ साली ‘नॉर्थ स्टार’ या आपल्या वर्तमानपत्रात त्यांनी आपला जुना धनी थॉमस ऑल्ड यास एक उघड पत्र लिहिले. त्यात दास्याचे पाप तर त्याच्या पदरी घातलेच; शिवाय आपल्या वृद्ध आजीस त्याने निराधार टाकून दिले, असाही आरोप केला. हा आरोप खरा नाही असे कळून आल्यावर १८४९ साली डग्लस यांनी तोही उघडपणेच मागे घेतला. पुढे १८७७ साली ऑल्ड अंथरुणास खिळलेला असता ते त्याच्या भेटीस गेले आणि आजीविषयीची आपली चूक त्याच्या तोंडावर पुन्हा मान्य केली.

वाचकहो, येथे काय घडले ते नीट पाहा. दास्य हे पाप आहे, हे मत डग्लस यांनी तसूभरही सोडले नाही. त्या पापाविषयी त्यांनी कोणतीही तडजोड केली नाही. परंतु ज्याने आपणांस गुरासारखे राबविले त्याच्यावरही खोटा आरोप राहू दिला नाही. दास्य नाहीसे करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांच्या सन्मानार्थ महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहेच. त्या चळवळीतील या धुरीणाने विरोधकाशीही खरेपणा राखला, हेही आपण ध्यानात ठेवावे.

तेव्हा मताविषयी दृढ असणे आणि मनुष्याविषयी न्यायी असणे, ही कर्तव्ये एकमेकांच्या आड येत नाहीत. वाईटास वाईट म्हणावे; परंतु जे कोणी केलेच नाही ते त्याच्या माथी मारू नये, आणि जे चांगले केले ते झाकून ठेवू नये. विद्यार्थ्याच्या हाती कात्री आहे, आपणां प्रत्येकाच्या मुखी जीभ आहे. जो येथे हजर नाही त्याच्याविषयी आपण बोलतो तेव्हा तो हजर असता तर हेच शब्द बोललो असतो काय, एवढे स्वतःस विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते शब्द आवरावे.