बोल्ट कोणी तोडला?

मोटारीच्या इंजिनातील धूर बाहेर नेणारा जो बिडाचा भाग असतो, त्याला कारागीर मॅनिफोल्ड म्हणतात. तो ज्या बोल्टांनी आवळलेला असतो, त्यांचे जिणे कष्टाचे. गाडी चालू झाली की कढत तापायचे, थांबली की निवायचे, आणि आमच्या गोव्यात चार महिने पावसात व उरलेले खाऱ्या, दमट हवेत काढायचे. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांच्या फटींत तो भरला की बोल्ट आणि भोक एकजीव होऊन बसतात. असा एक बोल्ट गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या जुन्या गाडीत, फोंड्याजवळच्या एका गॅरेजमध्ये, सतरा-अठरा वर्षांच्या शिकाऊ मुलाच्या हातात तुटला. डोके पान्याबरोबर बाहेर आले. धड इंजिनातच राहिले.

मालक संतापले. मोडलेले धड काढण्यात दिवस जाणार, आणि तो खर्च मुलाच्या पगारातून कापून घेणार, असे त्यांनी सर्वांदेखत सांगितले. मुलगा एवढेच म्हणाला, "पात्रांव, हांवें चड जोर लायलो ना." त्याच क्षणी मला एक गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी याच जागेतून धूर गळून फटफट आवाज येऊ लागला होता. गॅरेजचे पैसे वाचवावे म्हणून मी घरीच पाना लावला, पान्याच्या दांड्यावर हातभर लांब लोखंडी नळी चढवली, आणि आवाज थांबेपर्यंत तो बोल्ट आवळला. दांडा दुप्पट झाला की तेवढ्याच बळाने पीळ दुप्पट बसतो, हे शाळेत शिकलो होतो; पण ते त्या वेळी आठवले नाही. आवाज थांबल्याचा अभिमान मात्र बरेच दिवस टिकला.

हे सर्व आठवूनही मी बोललो नाही. घरी आलो.

रात्री मनाने आपले वकीलपत्र घेतले. आपल्यासारख्या श्रद्धावंतांचे मन अशा वेळी शास्त्राचाच आधार शोधते, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. मी हिशेब मांडला. अधिष्ठान म्हणजे ते इंजिन. कर्ता तो मुलगा. साधन त्याचा पाना. चेष्टा म्हणजे त्याने दिलेला हिसका. आणि दैव म्हणजे गंज व खारा वारा. पाचही जागा भरल्या. माझ्या नळीला कोठेच जागा उरली नाही! हिशेब इतका बिनचूक जुळला की मलाच त्याचा संशय आला.

दोष कोठे होता, हे पुष्कळ वेळाने उमगले. दैव म्हणजे पूर्वी केलेला पुरुषार्थच, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. ती ज्याचे त्याचे पूर्वजन्मीचे कर्म त्याच्या वाट्याला येते असे म्हणते, आणि ते मला मान्य आहे. परंतु त्या मुलापुढे जे दैव उभे राहिले होते, ते त्याच्या पूर्वजन्मातले नव्हते. माझ्या याच जन्मातले, दोन वर्षांपूर्वीच्या एका सकाळचे होते. माझे कर्म त्याच्याकडे दैवाचा वेष घेऊन गेले होते. आपण ज्याला बिचाऱ्याचे नशीब म्हणून सोडून देतो, त्यातला किती भाग असा कोणाच्या तरी हातचा असेल! गीतेतली ती पाच कारणे 'मीच केले' या अहंकाराला उतार पडावा म्हणून सांगितलेली आहेत; मी ती 'मी केलेच नाही' हे सिद्ध करण्यास वापरीत होतो. औषध तेच, रोग उलटा.

आमच्याकडे देवाला पाकळ्या लावून कौल घेण्याची चाल आहे. तोही विचार मनात येऊन गेला. पण ज्याचे उत्तर आपणास ठाऊक आहे, तो प्रश्न देवापुढे ठेवणे म्हणजे केवळ वेळ काढणे होय.

दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा गॅरेजमधले वृद्ध मिस्त्री कामाला बसले होते. रात्रभर आट्यांत तेल मुरवले होते. मोडलेल्या धडाला भोक पाडून उलट्या आट्यांची सळी आत पिळण्याची एक रीत आहे. ती त्यांनी नाकारली. ती सळी कठीण पोलादाची असते. तीच आत मोडली तर साध्या ड्रिलचे तिच्यापुढे काही चालत नाही. त्यांनी धडाच्या तोंडावर एक नट ठेवून वेल्डिंगने सांधला. इंजिनाचे डोके अ‍ॅल्युमिनियमचे, त्याला हे वेल्डिंग धरत नाही. धड मात्र तापून फुगते, निवताना आकसते, आणि गंजाची पकड सुटते. पहिले दोन नट निसटले. तिसऱ्याबरोबर धड हलले. मिस्त्रींनी ते अर्धा वेढा बाहेर, पाव वेढा आत, असे तेल सोडीत काढले. घाई त्यांच्या हाताला माहीतच नव्हती.

मग त्यांनी कालचे डोके माझ्या तळहातावर ठेवले. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून अधिक भाग काळा, गंजलेला. उरलेला चकचकीत, दाणेदार. "काळे ते जुने," ते म्हणाले. "हा कधीचाच चिरला होता. पोराने तोडला तो एवढाच पांढरा भाग."

मी मालकांना नळीची गोष्ट सांगितली आणि खर्च माझ्या नावे मांडण्यास सांगितले. ते हसले, गंजानेही तुटला असेल, कोणी पाहिले आहे, म्हणाले. खरेच, नळीचा वाटा किती आणि खाऱ्या हवेचा किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. पण वाटा मोजता येत नाही म्हणून तो नाही, असे होत नाही. पैसे मी दिले. त्या मुलाने काढलेली रात्र मात्र कोणत्याच बिलात मांडता आली नाही. आणि ते काळे तोंड मिस्त्रींनी दाखवले नसते, तर मी बोललो असतो काय? बोलायचे ठरवूनच निघालो होतो, अशी माझी समजूत आहे. तिच्यावर माझा पुरता विश्वास नाही.

नवा बोल्ट मुलानेच बसवला. आट्यांना तांब्याचा लेप लावला, आधी हाताने फिरवून पाहिला, आणि मग पिळाचे माप दाखवणारा पाना घेतला. ठरलेल्या मापावर तो पाना 'टक्' असा आवाज करतो. आवाज झाला, तसा तो थांबला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पुढच्या बोल्टाकडे वळला.