काल पहाटे चारपासून

समोरच्या दारातल्या वहिनींच्या सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. गेल्या महिन्यात वहिनींचे यजमान परगावी गेले होते, तेव्हा एका रात्री मी सोबतीला गेले. पहाटे चारला उशाशी ठेवलेला मोबाइल थरथरला. वहिनी दिवा न लावताच उठल्या. आजींच्या पाठीमागची उशी काढली, एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून त्यांना डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर वळवलं. मग चादरीवरून तळवा फिरवून चुण्या सारख्या केल्या. "एवढीशी चुणी राहिली तरी पाठ लाल होते हो," त्या कुजबुजल्या. सगळं मिळून सात मिनिटं लागली असतील. पुन्हा आडव्या झाल्या, पण कान आजींच्या श्वासाकडेच.

साडेपाचला गॅसच्या एका शेगडीवर मुलीच्या डब्याची भाजी आणि दुसरीवर आजींची पेज. एका हातात मुलीची वेणी, तोंडाने तिचे पाढे म्हणून घेणं चालू, आणि आतून हाक आली की "आले हं आई." शाळेची रिक्षा गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, किती करता तुम्ही!" त्या म्हणाल्या, "मी कुठे काय करते? घरीच तर असते."

आपल्या देशाच्या आकडेवारीनेही वर्षानुवर्षं हेच उत्तर लिहून घेतलं. रोजगाराच्या सरकारी पाहण्यांमध्ये प्रत्येक माणसाच्या कामाला एक सांकेतिक क्रमांक असतो. फक्त घरकाम करणाऱ्यांचा क्रमांक ९२. या क्रमांकाची माणसं 'श्रमशक्तीबाहेर' धरली जातात. पहाटे चारला उठणारी बाई श्रमशक्तीच्या बाहेर!

पुढे मात्र प्रश्न बदलला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये देशभर 'वेळवापर सर्वेक्षण' केलं. त्यात 'काय काम करता?' असं मोघम विचारत नाहीत, तर गेल्या चोवीस तासांचा हिशेब मागतात. आणि त्या हिशेबाचा दिवस सुरू होतो बरोबर पहाटे चारला: काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस कप्पे. २०२४ मध्ये १,३९,४८७ घरांतून असे दिवस टिपले गेले. १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रियांनी त्या दिवशी घरातल्या कुणाची तरी देखभाल केली होती; पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होतं. अशी देखभाल करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी १४० मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ७४ मिनिटं. 'घरीच असते' या शब्दांच्या आत काय काय असतं, ते निदान मिनिटांत तरी कळलं.

तरीही वहिनींची ती सात मिनिटं कुठे गेली असती? अर्ध्या तासाच्या कप्प्यात जास्तीत जास्त तीन कामं लिहितात, आणि दहा मिनिटांपेक्षा लहान काम चाळणीतून गळतं. चार ते साडेचारच्या कप्प्यात बहुधा एकच शब्द लिहिला गेला असता: झोप. शिवाय तक्त्यात मुलांचं करणं एका ओळीत येतं, म्हाताऱ्या माणसांचं दुसरीत. दोन ओळींच्या मध्ये दोन्हीकडे हात पसरून उभी असलेली बाई एकच आहे, हे ओळी वेगवेगळ्या वाचणाऱ्याला दिसत नाही.

कायद्यातही तीच गंमत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. त्यात 'अपत्य' म्हणजे कोण, तर मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचा उल्लेख नाही. कागदावरच्या जबाबदारीत तिचं नाव नाही आणि पहाटेच्या गजरात दुसऱ्या कुणाचं नाही.

मोजून काय होणार, असं कुणी म्हणेल. माया का मिनिटांत मोजायची असते? मायेला मोजमाप नाही, हे खरंच. पण दुखणाऱ्या पाठीला मोजमाप आहे, अर्धवट झोपेला आहे, सोडलेल्या नोकरीला आहे. वस्तीत दिवसभराचं वृद्ध-देखभाल केंद्र हवं की पाळणाघर, की दोन्ही एकाच छपराखाली, हे ठरवायचं तर किती घरांत एकच माणूस दोन्ही टोकं सांभाळतं, ते आधी माहीत हवं. ज्याचा आकडा नाही, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात रकाना उघडत नाही.

पण आकडा सरकार काढतं, उत्तर मात्र आपण देतो. पाहणीला माणूस दारात येतो तेव्हा घरातलं सगळं करणारी बाई स्वयंपाकघरात किंवा आतल्या खोलीत असते, आणि तिच्या वतीने बाहेर बसलेलं कुणीतरी सांगून मोकळं होतं, "ती ना, घरीच असते." त्या तीन-चार शब्दांत तिचे अठ्ठेचाळीस कप्पे पुसले जातात.

तेव्हा आज सकाळी चहाचा कप हातात घेतल्यावर एवढं करून बघा. आपल्या घरात जी व्यक्ती दुसऱ्यांचं करते, तिचा कालचा दिवस पहाटे चारपासून मनातल्या मनात सांगायला घ्या. अर्ध्या-अर्ध्या तासाने. जिथे अडखळाल तिथे तिलाच विचारा. आणि फारच अडखळायला झालं, तर आज रात्री चारचा गजर आपल्या उशाशी लावा.