अनाथ जीवाचे पालन : करुणा आणि ममत्व

गृहस्थाश्रमाच्या धर्माचे विवेचन करताना यज्ञ, दान, व्रत, अतिथिपूजन यांचा विचार नेहमी होतो. परंतु मनुष्याच्या धर्मबुद्धीची खरी परीक्षा पुष्कळदा अशा प्रसंगी होते की, ज्याची नोंद कोणत्याही पंचांगात सापडत नाही. वादळी वाऱ्याने झाडावरचे घरटे मोडते, किंवा घराची डागडुजी चालली असता वळचणीतला गवताकापसाचा पुंजका खाली येतो, आणि डोळेही न उघडलेले खारीचे पिल्लू अंगणात पडलेले दिसते. वर फांदीवर कावळा बसलेला असतो, कुंपणाशी मांजर दबा धरून असते. घरातले मूल त्या पिल्लाला ओंजळीत घेऊन येते आणि विचारते, "याचे आता काय करायचे?" प्रश्न लहानाच्या मुखातला असला तरी त्याचे उत्तर देताना भल्याभल्या वडीलधाऱ्यांची बुद्धी गोंधळते.

घरात सामान्यतः दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले असे की, "ज्याचे त्याचे प्रारब्ध, सृष्टीच्या व्यवहारात आपण हात घालू नये." दुसरे असे की, "आणा ते घरात, आपण त्याला पाळू." पहिल्या उत्तरात वैराग्याचा भास आहे, दुसऱ्यात दयेचा. पण दोन्ही उत्तरे नीट तपासून पाहिली म्हणजे ध्यानात येते की, पहिल्यात खरे वैराग्य नाही आणि दुसऱ्यात दया असली तरी ती अपुरी आहे.

प्रारब्धाचा सिद्धांत आपल्या शास्त्रांनी मान्य केला आहे, यात शंका नाही. परंतु स्वतःच्या मुलाला ताप आला असता कोणताही गृहस्थ प्रारब्धाची वाट पाहत बसत नाही. तो रात्री-अपरात्री वैद्याचे दार ठोठावतो. जो सिद्धांत केवळ दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळीच आठवतो, तो सिद्धांत नव्हे; ते आळसाला दिलेले धार्मिक नाव होय. शिवाय पिल्लू खाली पडणे हे त्याचे प्रारब्ध असेल, तर नेमके त्याच क्षणी एखाद्या सहृदय मनुष्याच्या दृष्टीस ते पडणे हेही त्याच प्रारब्धात का नसावे? दुसऱ्याचे प्रारब्ध काय आहे हे जाणण्याचे साधन मनुष्यापाशी नाही. स्वतःचे कर्तव्य काय आहे हे जाणण्याचे मात्र आहे. प्राणिमात्राविषयी दया बाळगावी हे तर आता राज्यघटनेनेही नागरिकाच्या मूलभूत कर्तव्यांत घातले आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या ५१-अ या कलमात ते स्पष्टपणे नमूद आहे.

याहून गंभीर आक्षेप भागवताच्या वाचकांकडून येतो. ते म्हणतात, "दयेने काय होते ते राजर्षी भरताच्या कथेत पाहावे." पंचम स्कंधातील ती कथा सर्वपरिचित आहे. ज्याच्या नावाने हे भारतवर्ष ओळखले जाते, तो ऋषभदेवांचा पुत्र भरत राज्याचा त्याग करून गंडकीच्या तीरी पुलहाश्रमात तपश्चर्येला बसला. एके दिवशी एक गर्भिणी हरिणी नदीवर पाणी पिण्यास आली. सिंहाची गर्जना ऐकून तिने भयाने उडी घेतली. गर्भ प्रवाहात पडला आणि ती स्वतः मरण पावली. भरताने ते पाडस पाण्यातून उचलून आश्रमात आणले. पुढे त्याचे चित्त पाडसात इतके गुंतले की, अंतकाळी त्याला त्याचेच स्मरण राहिले आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाविषयी जो सिद्धांत सांगितला आहे, त्याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच आढळेल.

परंतु या कथेतून "पाडस उचलू नये" असा निष्कर्ष काढणे म्हणजे कथेवर अन्याय करणे होय. भागवतकारांनी दोष नेमका कोठे दाखविला आहे, हे सूक्ष्मपणे पाहिले पाहिजे. भरताने पाडस प्रवाहातून काढले, तेथे दोष नाही. त्याला चारा दिला, लांडग्यांपासून राखले, तेथेही नाही. दोष पुढे, हळूहळू शिरला. "याला माझ्यावाचून दुसरे कोणी नाही" हा विचार प्रथम खरा होता. पाडस मोठे होऊन स्वतः चरू लागल्यावर तो खरा उरला नाही, पण भरताने तो सोडला नाही. मग यमनियम सुटले, पूजा सुटली, एकेक नित्यकर्म गळत गेले. पाडस क्षणभर दृष्टीआड झाले की राजर्षीचा जीव कासावीस होई. प्रारंभी पाडसाला भरताची गरज होती. शेवटी भरताला पाडसाची गरज लागली. याच ठिकाणी करुणा संपली आणि ममत्व सुरू झाले.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. तेथे कोणत्याही भूताचा द्वेष नसणे, मैत्री आणि करुणा यांच्या लगोलग "माझेपणा" नसणे सांगितले आहे. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. वरवर पाहणाराला वाटते की, करुणा मनुष्याला जवळ ओढते आणि निर्ममता दूर नेते, मग दोहोंचा एकत्र वास कसा व्हावा? वस्तुतः निर्ममता ही करुणेची विरोधक नसून तिची राखणदार आहे. करुणेची दृष्टी दुसऱ्याच्या गरजेवर असते. ममत्वाची दृष्टी स्वतःच्या सुखावर असते. दोघींचा स्पर्श सारखाच मऊ असतो, म्हणूनच फसगत होते.

हे तत्त्व खारीच्या पिल्लाच्या बाबतीत पहिल्या घटकेपासूनच कसोटीला लागते. पिल्लू हाती येताच त्याला घरात नेण्याची उत्सुकता सर्वांना होते. पण त्याची पहिली गरज घर ही नसून त्याची आई ही आहे. मनुष्याचा हात लागला म्हणजे खार पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. पिल्लाला जखम नसेल, तर त्याला ऊब राहील अशा रीतीने मऊ कापडासह उथळ खोक्यात घालून त्याच झाडापाशी ठेवावे, मांजर-कावळ्यांवर लक्ष ठेवावे आणि माणसांनी दूर राहून वाट पाहावी. पुष्कळदा खार परत येते आणि पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. येथे ज्याला दूर उभे राहणे जमले, त्याची दया सर्वांत शुद्ध. कारण तिच्या वाट्याला पिल्लाचा सहवासही येत नाही आणि कोणाची कृतज्ञताही येत नाही.

आई आलीच नाही, तर मात्र गृहस्थाने जबाबदारी घ्यावी. आणि तेथे नुसती भावना पुरत नाही, ज्ञान लागते. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांचा विवेक आवश्यक म्हटला आहे. हा विवेक येथे अक्षरशः जीवनमरणाचा ठरतो. आपल्या घरात गाईचे दूध म्हणजे पवित्र अन्न. देवाला त्याचा नैवेद्य होतो, बालकाला ते मिळते. साहजिकच गृहिणी तेच दूध प्रेमाने पिल्लाच्या मुखी घालते. पण खारीच्या पिल्लाला ते पचत नाही. त्याला जुलाब होतात आणि शरीरातले पाणी कमी होऊन ते दगावू शकते. दूध शुद्ध, देणारी शुद्ध, हेतूही शुद्ध; केवळ पात्राचा विचार झाला नाही म्हणून दानाचे विष झाले.

प्रथम ऊब, नंतर अन्न, हा येथला नियम आहे. गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही; म्हणून कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवावी. नंतर पशुवैद्यांच्या सल्ल्याने, कुत्र्या-मांजरांच्या अनाथ पिल्लांसाठी मिळणारी दुधाची भुकटी योग्य प्रमाणात कालवून, बिनसुईच्या लहान सिरिंजने थेंबथेंब पाजावी. पिल्लाला उताणे कधीही धरू नये. घाई झाली तर दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला विकार होतो. पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा. कारण इतक्या लहान पिल्लांना मलमूत्रविसर्जनही आईने चाटल्यावाचून साधत नाही. आणि हे सर्व दिवसातून एकदा नव्हे, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीदेखील. ज्याला इतके करणे शक्य नाही, त्याने पिल्लू वनखात्याच्या किंवा जाणत्या बचावकेंद्राच्या स्वाधीन करावे. आपली असमर्थता ओळखून योग्य हाती सोपविणे हीदेखील सेवाच आहे. "मीच वाचवीन" हा हट्ट हा अहंकार होय.

आता सर्वांत कठीण भाग येतो. पिल्लू जगते, डोळे उघडते, अंगाखांद्यांवर खेळू लागते. मुलाच्या खिशात शिरून झोपते, नाव दिले तर हाकेला ओ देते. साधारणपणे दहा आठवड्यांच्या सुमारास खारीचे पिल्लू दूध सोडते. म्हणजे ज्या वेळी ते घराला सर्वाधिक प्रिय झालेले असते, त्याच वेळी त्याला निरोपाची तयारी हवी असते. तेव्हा मन नाना युक्ती सुचविते. बाहेर मांजरे आहेत, त्याला आता सवय राहिली नाही, पिंजरा मोठा करू, बदाम-काजू देऊ. प्रत्येक युक्तिवाद पिल्लाच्या हिताचा वेष घेऊन येतो. म्हणून गृहस्थाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : उद्यापासून हे पिल्लू आपल्याला ओळखेनासे झाले, पण झाडावर सुखाने राहिले, तर आपल्याला आनंद होईल की दुःख? जे उत्तर येईल, त्यावरून चित्तात काय वाढले आहे ते कळते.

ममत्वाची हानी केवळ पाळणाऱ्याच्या परमार्थाला होते असे नाही. ती ज्याच्यावर ममत्व केले त्यालाही होते. घरात लाडावलेली खार मांजराला भिण्याचे विसरते, मनुष्यमात्राजवळ निःशंक जाते, फांदीवर उडी घेण्याचे आणि घरटे बांधण्याचे शिक्षण तिला मिळत नाही. मग "ही आता बाहेर जगणार नाही" असे म्हणून तिला ठेवून घेतले जाते. परंतु तिला तसे केले कोणी? वन्य जीव हौसेखातर घरात बाळगू नयेत, असा जो रोख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आहे, त्यामागे हेच शहाणपण आहे.

या ठिकाणी हिंदीतील थोर लेखिका महादेवी वर्मा (१९०७-१९८७) यांची ‘गिल्लू’ ही हकिकत स्मरणीय आहे. ‘मेरा परिवार’ (१९७२) या पुस्तकात ती समाविष्ट आहे. कावळ्यांच्या चोचींनी घायाळ झालेले खारीचे पिल्लू त्यांना कुंडी आणि भिंत यांच्या सांदीत सापडले. त्यांनी रक्त पुसून जखमांवर पेनिसिलिनचे मलम लावले. कित्येक तासांच्या खटपटीनंतर त्याच्या मुखात पाण्याचा एक थेंब गेला. ते वाचले आणि त्यांच्या खोलीत राहू लागले. पहिला वसंत आला, तेव्हा खिडकीबाहेर इतर खारी चिवचिवू लागल्या आणि गिल्लू जाळीपाशी बसून त्यांच्याकडे पाहू लागला. महादेवींनी त्याची ती दृष्टी ओळखली आणि खिळे काढून जाळीचा एक कोपरा मोकळा केला. गिल्लू दिवसभर बाहेर हुंदडे आणि सायंकाळच्या सुमारास आपण होऊन परत येई. तो पुढे त्यांच्याच घरी, त्यांचे बोट धरून निवर्तला. महादेवींचे प्रेम भरताच्या प्रेमाहून कमी होते असे कोण म्हणेल? परंतु त्यांनी जाळीचे खिळे काढले. मोकळ्या वाटेने परत येणारा जीव आणि बंद दारामुळे राहिलेला जीव, दोघेही एकाच घरात दिसतात; पण एकाला प्रेमाने राखलेले असते आणि दुसऱ्याला मालकीने.

आणखी एक शक्यता मनाशी धरून ठेवली पाहिजे. सर्व काळजी घेऊनही पिल्लू पुष्कळदा जगत नाही. घरातले मूल तेव्हा रडत विचारते, "मग इतक्या रात्री जागलो त्याचा काय उपयोग?" त्या मुलाला कर्मयोगाचा पहिला पाठ देण्याची हीच वेळ आहे. ऊब देणे, दूध पाजणे, जागणे हे आपल्या हाती होते. प्राण राहणे आपल्या हाती नव्हते. जे हाती होते ते पूर्ण केले, म्हणून जागरण व्यर्थ गेले नाही. एक जीव थंडीत, कावळ्याच्या चोचीखाली मरण्याऐवजी उबेत, कोणाच्या तरी ओंजळीत गेला. हे थोडे नव्हे. फळावर हक्क न सांगता केलेल्या कर्माचा अर्थ मोठ्या ग्रंथांवाचूनही त्या मुलाला येथे उमगू शकतो.

दक्षिणेत तीन पट्ट्यांची आणि उत्तरेत पाच पट्ट्यांची खार दिसते, आणि ते पट्टे प्रभू रामचंद्रांच्या बोटांचे आहेत असे देशभर सांगतात. वाल्मीकींच्या रामायणात ही कथा नाही; ती भक्तांच्या परंपरेतून आणि लोकमुखातून आलेली आहे. सेतुबंधनाच्या वेळी वाळूचे कण वाहणाऱ्या खारीला रामांनी हातावर घेतले, तिच्या पाठीवरून प्रेमाने बोटे फिरविली, असे सर्व जण आवडीने सांगतात. त्यानंतर काय झाले याकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. रामांनी तिला जवळ ठेवून घेतले नाही. पुन्हा वाळूवर सोडले, आणि ती आपल्या कामाला गेली. अनाथ जीव ज्याच्या अंगणात येऊन पडेल, त्या गृहस्थाने तो हातावर घ्यावा, जमेल तितकी माया करावी, आणि वेळ येताच हात उघडावा.