मी तर केवळ छायाचित्र काढतो!



काही आठवड्यांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, स्वभावाने मितभाषी, नमाजचा पाबंद. त्याने विचारले, "मौलाना साहेब, सजीवांची चित्रे काढू नयेत असे आपण ऐकतो. पण मोटारीत तर रूह नसते. मग मोटारीचे छायाचित्र काढायला हरकत नाही ना?" मी म्हणालो, "हरकत नाही." त्याचा चेहरा खुलला. मग मी सहज विचारले, "कुठल्या मोटारी टिपतोस?" तेव्हा कळले की, शनिवारी मध्यरात्रीनंतर शहराबाहेरच्या महामार्गावर काही मुले मोटारींच्या शर्यती लावतात आणि हा कडेला उभा राहून त्यांची छायाचित्रे काढतो. माझ्या चेहऱ्यावरचा बदल पाहून तो घाईने म्हणाला, "मी गाडी चालवत नाही, पैजही लावत नाही. मी तर केवळ छायाचित्र काढतो."

त्याच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. चित्रकलेवर पोट भरणारा एक मनुष्य हजरत अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडे आला होता. तुला हे काम करणे भागच असेल तर झाडांची किंवा ज्यांत प्राण नाही अशा वस्तूंची चित्रे काढ, असा सल्ला त्यांनी त्याला दिल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नमूद आहे. कॅमेऱ्याने टिपलेली प्रतिमा हाताने काढलेल्या चित्रासारखी मानावी की आरशातील प्रतिबिंबासारखी, याविषयी उलेमांत मतभेद आहेत. मोटार तर निर्जीव वस्तू. तेथे या मतभेदात शिरण्याचीही गरज पडत नाही.

तरीही घरी गेल्यावर मन स्वस्थ होईना. मी उत्तर दिले होते, पण प्रश्न पुरता ऐकून घेतला नव्हता. मोटारीत रूह नसते हे खरे. मात्र ती चालवणाऱ्यात असते, आणि त्याच वेळी रस्ता ओलांडणाऱ्यातही असते. म्हणून हा प्रश्न चित्राच्या प्रकरणातून उचलून जिथे तो खरोखर बसतो तिथे ठेवून पाहू या. जे कृत्य मी स्वतः करत नाही, पण जे पाहायला जातो, टिपतो आणि सजवून लोकांपुढे मांडतो, त्याचा काही वाटा माझ्या पदरात पडतो काय?

आधी हे स्पष्ट व्हावे की, शर्यत ही मुळात निषिद्ध गोष्ट नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. शर्यतीसाठी खास तयार केलेल्या घोड्यांना अल-हफया ते सनियतुल विदा हे अंतर दिले होते, ते पाचसहा मैलांचे असल्याचे हदीसच्या निवेदकांनी सांगितले आहे. जे घोडे तसे तयार केलेले नव्हते त्यांना सनियतुल विदा ते बनू जुरैक यांची मशीद एवढे, सुमारे एक मैलाचेच अंतर होते. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी तरुणपणी या शर्यतीत भाग घेतला होता. दोन प्रकारच्या घोड्यांसाठी दोन अंतरे, ठरलेला आरंभ आणि ठरलेला शेवट! स्पर्धेच्या उत्साहातही मुक्या जनावराच्या कुवतीचा विचार सुटलेला नाही. प्रेषितांची अज़बा नावाची सांडणी कधी मागे पडत नसे. एकदा एका ग्रामीण अरबाचा उंट तिच्यापुढे गेला आणि सहाबांना वाईट वाटले. तेव्हा, जगात जे जे उंचावते त्याला अल्लाह कधीतरी खाली आणतोच, असे सांगून प्रेषितांनी त्या पराभवातूनही नम्रतेचा धडा दिला.

आपल्या काळातही शहरातील रस्त्यांवर रीतसर मोटारशर्यती झाल्या आहेत. 11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची शर्यत झाली. 2024 च्या ऑगस्टअखेरीस चेन्नईत आयलंड ग्राउंड्सच्या भोवती रात्रीची शर्यत झाली. अशा ठिकाणी रस्ते इतर वाहनांसाठी बंद असतात, कडेला मजबूत अडसर असतात, डॉक्टर आणि आग विझवणारे सज्ज असतात, आणि जो धोका पत्करतो तो जाणतेपणी स्वतःसाठी पत्करतो. तेथे जुगारापासून दूर राहून, नमाजची वेळ सांभाळून कोणी छायाचित्रे काढली, त्यावर उपजीविका केली, तर मला त्यात दोष दिसत नाही. त्या तरुणाच्या हातातील कला हीदेखील अल्लाहची देणगीच आहे.

महामार्गावरील मध्यरात्रीची शर्यत मात्र निराळी. तो रस्ता शर्यत लावणाऱ्यांचा नाही. त्यावरून रात्रपाळी संपवून कामगार घरी येत असतो, रुग्णवाहिका धावत असते, कोणी पहाटेच्या गाडीसाठी मुलाबाळांसह रिक्षाने निघालेला असतो. यांपैकी कुणालाही शर्यतवाल्यांनी विचारलेले नसते. ताशी 120 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात 33 मीटर अंतर कापते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. अंधारातून अचानक समोर आलेल्या माणसासाठी या हिशेबात जागाच उरत नाही.

रस्त्यांवर बसण्यापासून दूर राहा, असे प्रेषितांनी सहाबांना सांगितले तेव्हा त्यांनी, आम्हाला बसण्याबोलण्यासाठी दुसरी जागा नाही, अशी अडचण मांडली. त्यावर, मग रस्त्याला त्याचा हक्क द्या, असे उत्तर मिळाले. नजर खाली ठेवणे, कुणाला इजा न करणे, सलामला उत्तर देणे, भल्याची शिकवण देणे आणि वाईटापासून रोखणे हा तो हक्क. लक्षात घ्या, ही शिकवण रस्त्यावरून धावणाऱ्यांना नव्हती; रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांना होती. कडेला उभा असलेला मनुष्यही जबाबदारीतून मोकळा नाही, हे येथे पुरेसे स्पष्ट होते.

आता त्या छायाचित्राकडे वळू. तरुणाने मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक छायाचित्र दाखवले होते. लाल मोटार लख्ख आणि रेखीव, मागचे सारे दिवे लांबलचक रेषांसारखे ओढले गेलेले. हे कसे साधते, तेही त्याने सांगितले. या तंत्राला पॅनिंग म्हणतात. शटरचा वेग कमी ठेवायचा, सेकंदाचा तिसावा हिस्सा वगैरे, आणि मोटारीच्या गतीने कॅमेरा फिरवत कळ दाबायची. मोटार स्पष्ट येते, स्थिर असलेले सर्व पुसट होते. या युक्तीने ताशी चाळीसच्या वेगाने चाललेली गाडीही वाऱ्यासारखी धावताना दिसते, असेही तो हसून म्हणाला. त्या प्रकाशरेषांत मला एक उभा फिकट पट्टा दिसला. "हे काय?" मी विचारले. त्याने चित्र मोठे केले आणि बराच वेळ पाहत राहिला. दुभाजकावर कोणीतरी उभे होते, हातात डबा किंवा पिशवी घेऊन, रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेले. कळ दाबताना ते माणूस त्याला दिसलेच नव्हते.

दोष कॅमेऱ्याचा नाही. डोळा ज्यावर खिळतो ते स्पष्ट होते, बाकीचे पुसले जाते. मोहाचा स्वभावच असा आहे. परंतु श्रद्धावंताची नजर नेमकी दुभाजकावरच्या त्या माणसावर असावी, अशी आपल्या धर्माची अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल, छायाचित्रामुळे का अपघात होतो? मोटारशर्यतींच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. 5 मार्च 1986 रोजी पोर्तुगालच्या रॅलीत लिस्बनजवळच्या सिंत्रा भागात हजारो लोक रस्त्याच्या अगदी कडेला आणि रस्त्यावरही उतरले होते. कोणी धावत्या मोटारीला हात लावू पाहत होते, तर कोणी जवळून छायाचित्र घेण्यासाठी शेवटच्या क्षणापर्यंत बाजूला होत नव्हते. रस्त्यावर आलेल्यांना चुकवताना एका चालकाचा ताबा सुटला आणि मोटार गर्दीत शिरली. तीन प्रेक्षक ठार झाले, तिसाहून अधिक जखमी झाले. मोठ्या कंपन्यांच्या चालकांनी त्याच दिवशी पुढे शर्यतीत उतरण्यास नकार दिला. ती रॅली तर अधिकृत होती. जेथे अडसर नाही, डॉक्टर नाही, परवानगी नाही, तेथे काय होऊ शकते याची कल्पना करा.

फिकहचे शास्त्र येथे मोठा न्यायी भेद करते. कृत्य प्रत्यक्ष करणारा तो मुबाशिर आणि त्याला निमित्त होणारा तो मुतसब्बिब. दोघे एकत्र आले तर दायित्व सामान्यतः प्रत्यक्ष करणाऱ्यावर येते, असा नियम आहे. आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत होऊ देणारा किंवा तीत भाग घेणारा शिक्षेस पात्र आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. छायाचित्रकाराचा त्यात उल्लेख नाही. तेव्हा त्या तरुणाला मी चालकाच्या बरोबरीने उभे करणार नाही. तसे करणे अन्याय ठरेल.

पण काजीच्या न्यायालयात जो सुटतो तो अल्लाहच्या दरबारातही सुटतोच असे नाही. सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत भलाई आणि तक्वाच्या कामी परस्परांना साहाय्य करण्याचा, आणि पाप व अतिक्रमणाच्या कामी साहाय्य न करण्याचा आदेश आहे. मध्यरात्रीच्या त्या शर्यतीत कसलाही चषक नसतो. चालकाला मिळते ते दुसऱ्या दिवशी मोबाइलवर झळकणारे चित्र आणि त्याखालची वाहवा. ते चित्र कोण पुरवतो? जेथे बक्षीस केवळ प्रसिद्धीचे असते, तेथे प्रसिद्धी देणारा हा बक्षीस देणारा ठरतो. "मी नाही काढले तर दुसरा काढेल," हे उत्तरही पुरे पडत नाही. दुसऱ्याचा हिशेब दुसऱ्याकडून घेतला जाईल.

मग वाईट गोष्टीचे छायाचित्र कधीच काढू नये काय? असे मी म्हणणार नाही. सूरह फुरकानच्या 72 व्या आयतीत रहमानच्या दासांची लक्षणे सांगताना त्यांचा असत्याशी असलेला दुरावा आणि व्यर्थ गोष्टींजवळून सभ्यतेने निघून जाणे वर्णिले आहे. तेथील मूळ अरबी क्रियापदात उपस्थित राहणे आणि साक्ष देणे असे दोन्ही अर्थ आहेत. मुफस्सिरांनी दोन्ही घेतले आहेत. जो धोका उघड करून थांबवण्यासाठी टिपतो, तो सत्याची साक्ष देतो. जो त्याच धोक्याला देखणे रूप देतो, तो त्याच्या मैफलीत सामील होतो. कॅमेरा एकच, रस्ताही एकच. फरक पडतो तो निय्यत आणि परिणामाने.

प्रेषितांनी सांगितलेला जहाजाचा दाखला आपण जाणता. खालच्या मजल्यावरील लोक पाण्यासाठी आपल्याच जागेत भोक पाडू लागतात. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सगळे वाचतात, सोडून दिले तर सगळे बुडतात. वरच्यांनी भोक पाडलेले नसते. ते केवळ पाहत असतात.

येथे प्रश्न त्या एका तरुणाचा उरत नाही. तो आपल्या घरांपर्यंत येतो. मुंबईत शबे बरातच्या रात्री काही मुले दुचाकींवरून सुसाट फिरतात आणि त्यांना आवरण्यासाठी पोलीस व उलेमा यांना आवाहने करावी लागतात. क्षमायाचनेची रात्र कुणा आईसाठी इस्पितळाची रात्र होते. त्या मुलांच्या रील कोण पाहते? त्यांना पसंतीचा अंगठा कोण देते? चुलत भाऊ, मामा, कधी वडीलही! अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम 199अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. कायद्याने जाब विचारण्यापूर्वी आपणच स्वतःला विचारलेले बरे.

पुढच्या जुम्याला तो तरुण पुन्हा भेटला. म्हणाला, "मौलाना साहेब, ती सगळी छायाचित्रे लोकांसमोरून काढून टाकली. तेवढे एक राहिले आहे. तेही पुसू का?" मी म्हणालो, "ते लोकांना दाखवू नकोस, पण पुसूही नकोस. कॅमेरा हाती घेण्यापूर्वी एकदा पाहत जा." त्या मुलांना भेटून समजावण्याचेही त्याने कबूल केले आहे. ती ऐकतील की नाही, हे अल्लाह जाणे. सांगणे आपल्या हाती आहे.

वाचकहो, आपणही हातातील मोबाइल उंचावण्यापूर्वी क्षणभर थांबा. चौकटीबाहेर कोण उभे आहे, ते आधी पाहा. अल्लाह आपल्या नजरेला माणसाची किंमत ओळखण्याची क्षमता देवो, आपल्या मुलांचे रक्षण करो, आणि आपल्या हातून कुणाच्याही वाटेत काटा नव्हे, तर वाटेतील काटा दूर करण्याचे काम घडवो. आमीन.