झाकलेला दोष आणि प्रारब्धाची भाषा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडी हे दत्तसंप्रदायाचे, म्हणजे दत्तात्रेयाला गुरुरूपाने भजणाऱ्या परंपरेचे, एक प्रमुख क्षेत्र असून, श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापुरास जाताना आपल्या पादुका मागे ठेवल्या, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, जयसिंगपूर आणि सीमेपलीकडील चिकोडी-निपाणीच्या टापूतील अनेक कुटुंबे घरात आलेली मोटार प्रथम वाडीला आणतात, तिला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, नारळ वाढवतात आणि मगच ती वापरात घेतात. ती कोरी आहे की दुसऱ्या-तिसऱ्या हातची, याने या भावनेत फरक पडत नाही. मात्र दुसऱ्या हातच्या गाडीबरोबर एक प्रश्न घरात येतो, आणि तो केवळ यंत्रशाळेचा नाही. जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चार महिन्यांत बसला, दुरुस्तीपायी गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा गेला आणि हा बिघाड विकणाऱ्याला आधीच ठाऊक होता असे पुढे कळले, तर या नुकसानीला प्रारब्ध म्हणावे की अधर्म म्हणावे? व्यवहारात हे दोन्ही शब्द सर्रास उच्चारले जातात. पण कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, याचा विचार क्वचितच होतो.

हा प्रश्न नेमका ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्याच बाबतीत इतका तीव्र का होतो, हे कळण्यासाठी त्या यंत्राची रचना थोडी पाहावी लागते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत क्लच घासला असेल तर तो पायाला जाणवतो आणि साधारण अनुभवी चालकही तो ओळखतो. ऑटोमॅटिकच्या एका रूढ प्रकारात मात्र इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टर नावाच्या, तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे पोचवणाऱ्या भागामार्फत चाकांकडे जाते. गिअर बदलण्याचे काम आतल्या क्लचपट्ट्यांचे संच करतात, त्या पट्ट्यांवर दाब आणणारे तेल व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या नागमोडी वाटांच्या ठोकळ्यातून फिरते, आणि कोणती वाट केव्हा उघडायची हे विजेवर चालणाऱ्या झडपा, म्हणजे सोलेनॉइड, संगणकाच्या आज्ञेने ठरवतात. तेल उष्णतेने जुने होते, त्यात झिजीचा बारीक कीस उतरतो, झडपा अडखळू लागतात, आणि गाडी ‘डी’मध्ये टाकल्यावर उचलायला वेळ लावते किंवा गिअर बदलताना झटका मारते. यांतील पुष्कळ दोष गिअरबॉक्स थंड असताना दिसत नाहीत. अर्धा तास गाडी चालून तेल तापले की मगच ते प्रकट होतात. शिवाय संगणकाने नोंदवलेले दोषसंकेत स्कॅनर जोडून पुसता येतात आणि गाडी काही काळ धावल्याशिवाय ते पुन्हा उमटत नाहीत. दोष झाकण्याची इतकी सोय आणि तो ओळखण्याची इतकी अडचण एकाच यंत्रात एकत्र आल्यामुळे, विकणाऱ्याच्या सत्यनिष्ठेखेरीज घेणाऱ्यापाशी दुसरा आधार जवळजवळ उरत नाही.

नदीकाठच्या या प्रदेशात त्यात पुराची भर पडते. कृष्णेचे पाणी वाढून वाडीच्या मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते, तेव्हा तो दक्षिणद्वार सोहळा मानला जातो आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक लांबून येतात. जुलै २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये मात्र याच नद्यांनी शिरोळ तालुक्यासह कोल्हापूर-सांगलीचा मोठा भाग बुडवला. पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या नळीवाटे पाणी शिरू शकते. तसे झाले की लालसर तेल दुधाळ गुलाबी होते, आणि क्लचपट्ट्यांवरील कागदी अस्तर, जे डिंकासारख्या द्रव्याने चिकटवलेले असते, ते पाणी शोषून सुटू लागते. हा नाश त्या दिवशी पूर्ण होत नाही. तेल बदलले, आतली गालिचे-आसने धुऊन वाळवली, तर गाडी काही आठवडे किंवा महिने बरी चालतेही. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपनी ती गाडी संपूर्ण नुकसानीत काढते, आणि उरलेला सांगाडा लिलावात विकला जातो. तेथून तो दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आला, तर दूरच्या गावातील ग्राहकाला त्याचा पूर्वेतिहास गाडीकडे नुसते पाहून कळण्याचा मार्ग नाही. पाण्याला येथे दोष देण्यात अर्थ नाही. दोष सुरू होतो तो त्या पाण्याबद्दल मौन पाळले जाते तेथून.

भारतीय धर्मशास्त्राने या मौनाची दखल फार पूर्वी आणि बऱ्याच बारकाईने घेतली होती. मनुस्मृतीने न्यायव्यवहाराचे जे अठरा विषय मांडले त्यांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी-विक्रीनंतर होणारा पश्चात्ताप आणि त्यावरून उद्भवणारा तंटा, हा एक स्वतंत्र विषय असून, व्यवहार पटला नाही तर दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्या-घेण्याची मुभा तेथे दिली आहे. त्याच अध्यायात भेसळीचा, निःसत्त्व, मापात कमी आणि दृष्टीआड ठेवलेला माल विकण्यास मनाई आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने आणि नारदस्मृतीने तर परीक्षेचा अवधी वस्तूगणिक वेगळा ठरवला: लोखंडासाठी एक दिवस, दुभत्या जनावरासाठी तीन, ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी पाच, रत्नांसाठी सात, बियाण्यासाठी दहा. यामागील तत्त्व स्पष्ट आहे, आणि ते आजही पूर्णपणे लागू पडते. दोष प्रकट व्हायला जेवढा काळ लागतो, तेवढा काळ घेणाऱ्याला मिळाला पाहिजे. कामाच्या बैलाची पारख गोठ्यात उभ्या-उभ्या होत नाही, त्याला पाच दिवस जुंपून पाहावे लागते. आजच्या जुन्या गाडीच्या बाजारात पंधरा मिनिटांच्या फेरीवर लाखोंचा सौदा ठरतो. याज्ञवल्क्याच्या कसोटीवर ही प्रगती नसून पीछेहाट आहे, असेच म्हणावे लागते.

नारदाने आणखी एक पायरी पुढे जाऊन, निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याकडून किमतीच्या दुप्पट रक्कम वसूल करावी आणि तेवढाच दंडही घ्यावा, असे सांगितले. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली या तपस्व्याला धर्म शिकायला तुलाधार नावाच्या वाराणसीतील वाण्याकडे जावे लागते, हा प्रसंगही येथे विसरता येत नाही. तेथे धर्माचा अधिकार तपाला मिळत नाही, सर्वांसाठी सारखा राहणाऱ्या तराजूला मिळतो. दुकान हे धर्माच्या बाहेरचे क्षेत्र आहे, ही समजूत या परंपरेची नव्हे.

आधुनिक कायद्याची भूमिका याहून सावध आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट प्रयत्नपूर्वक लपवणे ही फसवणूक ठरते. परंतु नुसते गप्प राहणे, बोलण्याचे कर्तव्य असल्याशिवाय, फसवणूक ठरत नाही. कायद्याने दिलेले उदाहरण घोड्याचे आहे: लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची व्याधी माहीत आहे आणि तो काही बोलत नाही, तर ती फसवणूक नव्हे; मात्र घेणारी व्यक्ती नुकतीच सज्ञान झालेली त्याची स्वतःची मुलगी असेल, तर बोलणे त्याचे कर्तव्य ठरते; आणि घेणाऱ्याने ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निरोगी आहे असे मी धरीन’ असे बजावले असेल, तर विकणाऱ्याचे मौन बोलण्याइतकेच बंधनकारक असते. स्कॅनरने दोषसंकेत पुसणे हे या कलमाच्या दृष्टीने उघडच प्रयत्नपूर्वक लपवणे आहे. पण गाडी पुरात होती हे न सांगणे मात्र सीमारेषेवर राहते. धर्मविचाराला या सीमारेषेवर थांबता येत नाही. मुलीला जे सांगणे भाग आहे ते परक्याला न सांगण्याची सवलत न्यायालय देऊ शकेल, कारण न्यायालय पुराव्याने बांधलेले असते. परंतु सर्वांभूती एकच आत्मतत्त्व मानणाऱ्या परंपरेला ती देण्याचा अधिकार उरत नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य या यमाचा, म्हणजे आचरणाच्या पायाभूत नियमाचा, जो अर्थ दिला आहे तो येथे विशेष उपयोगी पडतो. वाणी ही आपल्यापाशी असलेला बोध दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी असते, म्हणून ती फसवी, भ्रमातून निघालेली किंवा ऐकणाऱ्याला काहीच न कळणारी नसावी, असे भाष्यकार म्हणतो. फसव्या वाणीचे उदाहरण म्हणून टीकाकार वाचस्पतिमिश्र युधिष्ठिराच्या अश्वत्थाम्याविषयीच्या उत्तराकडे बोट दाखवतो, कारण तेथे शब्द खरे असूनही पोचवलेला बोध खोटा होता. ‘गाडी एकदम कंडिशनमध्ये आहे, चालवून बघा’ हे थंड गिअरबॉक्सवर बोललेले वाक्य त्याच जातीचे आहे. मात्र या व्याख्येतील सर्वांत दुर्लक्षित भाग शेवटचा आहे. दुरुस्तीसाठी दारोदार फिरणाऱ्या मालकाचा संताप बिलावर जेवढा असतो त्याहून अधिक तो काहीच न कळण्यावर असतो: एका ठिकाणी सोलेनॉइड गेला म्हणतात, दुसरीकडे व्हॉल्व्ह बॉडी बदलायला सांगतात, तिसरीकडे अख्खा गिअरबॉक्सच उतरवावा लागेल असे ऐकवतात, आणि यांतले काय पाहून ठरवले, काय अंदाजाने, हे कोणी उलगडून सांगत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात धातूकामाचे आणि यंत्रदुरुस्तीचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे, पण संगणकाने चालणाऱ्या बंद पेटीपुढे कुशल मिस्त्रीसुद्धा अनेकदा सुटे भाग बदलत बदलत निदानाकडे जातो. त्यात त्याचा अप्रामाणिकपणा असेलच असे नाही. ‘हा माझा अंदाज आहे, खात्री नाही’ एवढे वाक्य उच्चारले तरी ती वाणी व्यासभाष्याच्या कसोटीला उतरते.

या बाबतीत मोठ्या कंपन्याही कमी पडल्याचे न्यायालयीन नोंदीत आहे. ऑस्ट्रेलियात फोर्ड कंपनीच्या पॉवरशिफ्ट या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सबद्दल ग्राहकांनी थरथरीच्या तक्रारी केल्या, तेव्हा त्या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये दोष असल्याचे ठाऊक असूनही काही ग्राहकांना, थरथर त्यांच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीमुळे होते, असे सांगितले गेले. तक्रारी हाताळण्याच्या या रीतीबद्दल तेथील संघराज्य न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दोष यंत्रात असता सोसणाऱ्यालाच त्याचे कारण ठरवणे हा प्रकार तत्त्वतः किती गंभीर आहे, हे प्रारब्धाच्या प्रश्नाकडे वळले की अधिक स्पष्ट होते.

कर्मसिद्धान्त कर्माचे तीन प्रकार मानतो: साठलेले ते संचित, त्यातून फळ देऊ लागलेले ते प्रारब्ध आणि आत्ता घडत असलेले ते क्रियमाण. फसलेला मालक आपले नुकसान प्रारब्ध म्हणून स्वीकारतो, तेव्हा तो मनाची जळजळ थांबवतो, सूडापासून मागे फिरतो, आणि यात एक खरे आध्यात्मिक सामर्थ्य आहे. परंतु तीच घटना विकणाऱ्याच्या बाजूने पाहिली तर ती प्रारब्ध नाही, क्रियमाण आहे. ती त्याने आत्ता, स्वतंत्र बुद्धीने, जाणून केलेली कृती आहे आणि तिचे उत्तरदायित्व घेणाऱ्याच्या पूर्वकर्मावर ढकलता येत नाही. म्हणून ‘तुमच्या नशिबात होते’ हे वाक्य घेणाऱ्याने स्वतःशी म्हटले तर विवेक, आणि विकणाऱ्याने त्याला ऐकवले तर दुसरी फसवणूक ठरते. स्वीकार म्हणजे दाद न मागणेही नव्हे. ग्राहक आयोगाकडे अर्ज करणारा मनुष्य मनाने शांत असू शकतो, आणि त्याच्या अर्जामुळे पुढचा ग्राहक वाचू शकतो.

याला गुरुचरित्रातील घेवड्याच्या कथेचा आधार घेऊन विरोध केला जाण्याचा संभव आहे. ही कथा याच संगमाच्या परिसरात घडते. भिक्षा न मिळाली तर ज्या वेलाच्या शेंगांवर गरीब ब्राह्मणाचे घर चालायचे तो घेवड्याचा वेल श्रीगुरू, म्हणजे नृसिंहसरस्वती, भिक्षा घेऊन जाताना तोडून टाकतात. बायको-मुले आक्रोश करतात, ब्राह्मण दैवाचा हवाला देऊन त्यांना समजावतो, आणि मूळ खणताना द्रव्याने भरलेला कुंभ हाती लागतो. यावरून प्रत्येक हानीत गुप्त लाभ असतो आणि हानी करणाऱ्याला बोल लावू नये, असा अर्थ काढणे ही कथेवर जबरदस्ती आहे. वेल तोडणाऱ्याने तेथे काहीही मिळवले नाही, काहीही विकले नाही आणि तो जमिनीखालचे जाणत होता ते देण्यासाठी. जुन्या गाडीचा विक्रेता आतले जाणतो ते घेण्यासाठी. समजावणारा ब्राह्मणही स्वतःच्या घरच्यांना समजावतो आहे, आपण ज्याचे बुडवले त्याला नव्हे.

वाहनपूजेचे स्थानही यावरून निश्चित होते. पूजा यंत्राची हमी देत नाही आणि तसा दावा कोणताही शास्त्रग्रंथ करत नाही. ती उपकरणाविषयी कृतज्ञता आणि चालवणाऱ्याचा संयम यांचा संस्कार आहे. त्यामुळे वाडीला पूजा होऊनही गिअरबॉक्स बिघडला तर श्रद्धेला धक्का लागण्याचे कारण नाही. मात्र पुजलेली गाडी विकायला निघते तेव्हा तिच्याविषयी खोटे बोलणे किंवा मौन पाळणे हे त्या पूजेशी थेट विसंगत ठरते, आणि या विषयातील सर्वांत कठीण प्रसंग येथेच उभा राहतो. जो स्वतः फसला, ज्याने दुरुस्तीत पैसे घातले आणि ज्याला आता ती गाडी नकोशी झाली आहे, तोच उद्याचा विक्रेता असतो. त्याला वाटते, मला कोणी सांगितले नाही, तर मी का सांगावे; आणि सांगितले तर किंमत पडेल, हेही खरेच असते. त्याने नुकसान प्रारब्ध म्हणून खरोखर स्वीकारले होते की नाही, हे याच वेळी ठरते, कारण स्वीकारलेली हानी पुढच्याच्या गळ्यात बांधण्याची गरज उरत नाही. नारदस्मृतीत यासाठी एक तरतूद आढळते, जिच्याकडे आजच्या बाजाराचे लक्ष गेलेले नाही. वापरलेले, जीर्ण आणि मळके वस्त्र सदोष असूनही एकदा विकले गेले तर ते विकणाऱ्याकडे परत येत नाही, असे नारद म्हणतो, कारण त्याचे जुनेपण घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उघड असते. गिअरबॉक्सचे जुनेपण मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते शब्दांनीच उघडे करावे लागते: तेल केव्हा बदलले, कोणता भाग कोणत्या महिन्यात बसवला, गाडी पाण्यात किती उभी होती, हे विक्रीच्या कागदावर लिहून, बिलांच्या प्रती जोडून आणि घेणाऱ्याला पाच दिवस गाडी वापरू देऊन. एवढे केल्यावर ठरलेली किंमत कमी असली तरी ती पूर्ण असते, आणि पुढे बिघाड झाला तर घेणाऱ्याला तो विकणाऱ्याच्या दारात आणता येत नाही.